तापीत बंदी, हजीऱ्याकडे गर्दी : विसर्जनाचा हिशेब इच्छापोरच्या रस्त्यावर

इच्छापोर (सुरत) : सुरत शहरात तापी नदीत गणपती विसर्जनाला बंदी आहे, याला आता काही वर्षं झाली. घरगुती आणि मध्यम आकाराच्या मूर्तींसाठी महापालिका दरवर्षी शहरभर वीसेक कृत्रिम तलाव खोदते. मोठ्या मूर्ती मगदल्ला, डुमस आणि हजीरा इथे नेल्या जातात. कृत्रिम तलावात बुडवलेल्या मूर्तींचा प्रवासही तिथे संपत नाही. त्या पुन्हा बाहेर काढून ट्रकमध्ये भरतात आणि समुद्राकडे नेतात. हजीऱ्याकडे जाणारी ही वाहतूक इच्छापोरवरून जाते.

नदी वाचवण्याचा निर्णय बरोबर होता, यात वाद नाही. प्रश्न पुढचा आहे. शहराने नदीतला कचरा कमी केला, की त्याचा फक्त पत्ता बदलला? नंदुरबार, धुळे, जळगावच्या वाचकाला वाटेल, सुरतच्या एका उपनगराच्या रस्त्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे.

इच्छापोरच का?

नकाशा समोर ठेवला की लगेच कळतं. रांदेर, अडाजण, पालकडून हजीऱ्याला जायचं तर इच्छापोर लागतं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसराकडून निघालं तर मगदल्ल्याचा पूल ओलांडून माणूस पुन्हा इच्छापोरच्याच बाजूला उतरतो. म्हणजे शहराच्या दोन्ही अंगांचा रस्ता इथे एकत्र येतो आणि पुढे भाटपोर, कवास, मोरा करत हजीऱ्याला जातो.

हा रस्ता एरवीही रिकामा नसतो. ओएनजीसीचा गॅस प्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, एनटीपीसीचं कवासचं वीज केंद्र, पोलाद कारखाना, बंदर, एलएनजी टर्मिनल असा सगळा हजीरा पट्टा याच वाटेवर चालतो. इच्छापोरमध्येच हिरे-दागिन्यांचं औद्योगिक पार्क आहे. कंटेनर आणि ट्रेलरच्या या रांगेत अनंत चतुर्दशीला मंडळांचे ट्रॅक्टर, टेम्पो आणि क्रेन शिरतात.

2020 मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली. सुमारे 326 चौरस किलोमीटरचं शहर 460 चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं. त्या वेळी ग्रामपंचायतीतून शहरात आलेल्या गावांत इच्छापोर आहे. हजीरा मात्र शहराच्या हद्दीबाहेरच राहिलं. म्हणजे इच्छापोर हे शहराचं शेवटचं दार झालं. दाराबाहेर गेलेल्या वस्तूचा हिशेब घरातलं माणूस सहसा ठेवत नाही. विसर्जनाच्या बाबतीत नेमकं तेच घडतंय.

नदी एक, रस्ता एक, उत्सवही एक

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते. तिचं खोरं सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला जवळपास 80 टक्के भाग महाराष्ट्रात येतो. गुजरातच्या वाट्याला फक्त सहा टक्के. भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा इथून आलेलं पाणी उकाई धरणात साठतं आणि तेच पुढे सुरत पितं.

रस्त्याचंही तसंच आहे. जळगाव, धुळे, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, म्हणजे आताचा 53, हजीऱ्यालाच संपतो. सोबत उधना-जळगाव रेल्वेमार्ग आहे. याच दोन वाटांनी खानदेशातली माणसं सुरतच्या यंत्रमागांवर, डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाममध्ये स्थिरावली. आज तिथल्या गल्लीत अहिराणी ऐकू येते. सुरतचा सार्वजनिक गणेशोत्सव एवढा मोठा झाला, त्यात या वस्त्यांचा वाटा मोठा आहे.

मूर्तीही याच रस्त्याने येतात. नंदुरबारच्या मूर्ती कारखान्यांतून गुजरात आणि मध्य प्रदेशात माल जातो, हे जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. म्हणजे साचा नंदुरबारला, आरती लिंबायतला आणि विसर्जन हजीऱ्याला. एका मूर्तीचा हा सगळा प्रवास दोन राज्यांच्या, तीन-चार सरकारी कार्यालयांच्या हद्दीतून होतो. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरता तुकडा बघतं. पूर्ण प्रवास कुणीच बघत नाही.

बंदीने काय साधलं?

सुरतमध्ये तापीची अवस्था समजून घेतल्याशिवाय बंदीचं महत्त्व कळत नाही. सिंगणपोर-रांदेर दरम्यान 1995 मध्ये बांधलेला विअर-कॉजवे आहे. त्याच्या वर गोडं पाणी अडतं. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तिथून उचलला जातो. त्याच्या खाली नदीला स्वतःचा प्रवाह फार थोडा. पावसाळा सोडला तर तिथे भरतीचं खारं पाणीच आत-बाहेर करतं.

अशा अडलेल्या पाण्यात काही दिवसांत हजारो मूर्ती, निर्माल्य, कापड, थर्माकोल टाकलं की ते वाहून जात नाही, साचतं. शहरातल्या ओवाऱ्यांवर पूर्वी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जे दिसायचं, ते आता दिसत नाही, हे मान्य करायला हवं. 1994 च्या प्लेगनंतर सुरतने साफसफाईचा धडा गिरवला आणि स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये इंदूरसोबत देशात पहिला क्रमांक मिळवला. तापीतली विसर्जनबंदी त्याच शिस्तीतून आली.

शिवाय आता रूंढ ते भाठा दरम्यान नवीन बॅरेजचं काम हाती घेतलेलं आहे. भाठा इच्छापोरच्याच बाजूचं गाव. हे बॅरेज पूर्ण झालं की सिंगणपोरपासून खालपर्यंतचा शहरातला पट्टा गोड्या पाण्याचा साठा बनेल. तेव्हा शहरातल्या नदीत विसर्जन पुन्हा सुरू करा, ही मागणी कुणी करत असेल तर त्याने ती सोडून द्यावी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कुणी मूर्ती बुडवत नाही.

पीओपीचं गणित

अडचण सुरू होते ती कृत्रिम तलावातून बाहेर काढलेल्या मूर्तींपासून. शाडूची किंवा साध्या मातीची मूर्ती काही तासांत विरघळते, खाली गाळ उरतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तसं नाही. पाण्याशी संयोग झालं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण फार थोडं. साधारण एका लिटरला दोन ते अडीच ग्रॅम. त्यापुढे ते पाणी आणखी घेत नाही.

आता साधा हिशेब करा. मंडळाच्या एका मूर्तीत 100 किलो पीओपी असेल तर त्याचं जिप्सम होतं जवळपास 118 किलो. ते पूर्ण विरघळायला किमान 50 हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. तेही एकट्या मूर्तीसाठी, आणि वेळ किती लागेल तो वेगळाच. एका तलावात अशा शेकडो मूर्ती एकावर एक उतरतात. तेव्हा त्या विरघळणार नाहीत, हे तलाव खोदण्याआधीच ठरलेलं असतं. रंगांचा प्रश्न आणखी वेगळा. स्वस्त चकचकीत रंगांत शिसं, क्रोमियमसारखे जड धातू असू शकतात आणि ते पाण्यात जातात.

म्हणून कृत्रिम तलाव हे पीओपीसाठी विसर्जनाचं ठिकाण नाहीच. ते गोळा करायचं केंद्र आहे. गोळा केलेला माल कुठेतरी न्यावा लागतो, आणि तो इच्छापोरवरून हजीऱ्याला जातो.

समुद्र मोठा आहे, पण किती?

समुद्रात टाकलं की संपलं, असं अनेकांना वाटतं. हजीरा-डुमसचा किनारा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. इथे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो आणि पाणी गाळाने भरलेलं असतं. त्यात अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेच्या आदला दिवस. महिन्यातली सगळ्यात मोठी उधाणाची भरती याच दिवसांत येते. भरतीला काठाजवळ सोडलेली मूर्ती ओहोटीला चिखलात उघडी पडते, ती यामुळेच. डुमसच्या किनाऱ्यावर अर्धवट अवस्थेतल्या मूर्तींचे फोटो दरवर्षी फिरतात आणि भाविकांचं मन दुखावतं. डिंडोलीच्या कालव्यातही अशा मूर्ती सापडल्या आहेत. स्वयंसेवकांनी त्या काढून पुन्हा समुद्राकडे नेल्या.

खोल पाण्यात नेलं तरी पीओपी तळाशी पडून राहतं. हजीऱ्याच्या मच्छीमारांसाठी हा किनारा म्हणजे पोटापाण्याचा भाग आहे. बंदराच्या कामामुळे खाडीची वाट आणि खारफुटी गेली, अशी तक्रार घेऊन हे मच्छीमार याआधी हरित लवादापर्यंत गेलेले आहेत. कारखाने, जहाजं, राख, धूर यांच्या तुलनेत मूर्तींचा भार कमीच, हे खरं. पण आधीच दबलेल्या किनाऱ्यावर आणखी एक ओझं टाकताना शहराने त्या गावांशी निदान बोलायला हवं. लिंबायतचं मंडळ वर्षातून एक रात्र हजीऱ्याला येतं. हजीऱ्याचं गाव उरलेलं वर्ष तिथेच असतं.

नियम आहेत, पण वेळ चुकते

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाबद्दल 2010 मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. 12 मे 2020 रोजी सुधारित सूचना आल्या आणि त्यात पीओपीवर बंदी आली. मूर्तिकारांचा माल तयार होता, म्हणून काहीच दिवसांत केंद्राने तिला एक वर्षाची सूट दिली. पुढे महाराष्ट्रात प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. राज्याने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाकडून अभ्यास करून घेतला. 9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको, असं सांगितलं. जुलैमध्ये सहा फुटांपेक्षा मोठ्या मूर्तींना मार्च 2026 पर्यंत नैसर्गिक पाण्याची सवलत मिळाली. सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच.

तारखा बघितल्या की गोम लक्षात येते. मे, जून, जुलै. मूर्तिकाराचा कारखाना मात्र दिवाळीनंतर नाहीतर संक्रांतीपासून सुरू होतो. साचे, कच्चा माल, कर्ज, मजुरांची उचल हे सगळं आधी होतं आणि नियम मागाहून येतो. मग मूर्तिकार म्हणतो, माल तयार आहे. मंडळ म्हणतं, बुकिंग झालंय. प्रशासन म्हणतं, यंदा होऊ द्या. आणि हेच पुढच्या वर्षी पुन्हा.

त्यातून महाराष्ट्रातला आदेश महाराष्ट्रापुरता. नंदुरबारचा कारखानदार नवापूरची हद्द ओलांडून माल पाठवतो तेव्हा पलीकडे वेगळी अधिसूचना, वेगळी उंचीची मर्यादा, वेगळं पोलीस आयुक्तालय. मूर्तीला सीमा नाही, नियमाला आहे.

खर्च कुणाच्या खात्यावर?

पीओपी स्वस्त का पडतं, हे नीट बघायला हवं. साच्यात ओतलं की लवकर सुकतं, वजनाला हलकं, रंग छान बसतो आणि दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात तडा जात नाही. मातीची मूर्ती जड, सुकायला वेळ लागतो, पावसाळी हवेत कारागिराचा जीव मेटाकुटीला येतो. त्यामुळे मंडळाला पीओपी परवडतं आणि गिऱ्हाईक असेपर्यंत मूर्तिकारही तेच बनवणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

पण हा स्वस्तपणा पूर्ण किमतीचा नाही. मूर्तीच्या बिलात माल, मजुरी, रंग आणि भाडं असतं. तलाव खोदणं, प्लास्टिक अंथरणं, क्रेन, तराफे, बंदोबस्त, ट्रक, नंतरची सफाई हे त्या बिलात नसतं. ते महापालिकेच्या, म्हणजे करदात्याच्या खात्यावर पडतं. जे पैशात मोजलंच जात नाही ते, म्हणजे तळाशी साचलेलं जिप्सम आणि जाळ्यात अडकणारे तुकडे, हजीऱ्याच्या खात्यावर. एकाच्या वहीत नफा दिसतो, कारण तोटा दुसऱ्याच्या वहीत लिहिलाय.

महापालिका दरवर्षी किती मूर्तींचं विसर्जन झालं, तो आकडा जाहीर करते. तो आकडा उत्सवाचा आहे. पर्यावरणाचा आकडा वेगळा असतो : त्यातल्या मातीच्या किती, पीओपीच्या किती, एकूण वजन किती टन आणि ते शेवटी कुठे गेलं. हे चार रकाने छापले तर पुढच्या वर्षी सुधारणा झाली की नाही, हे कुणालाही तपासता येईल. सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना विकणाऱ्या आणि त्याचा लिटरमागे हिशेब ठेवणाऱ्या महापालिकेला हे अवघड नाही.

वरच्या काठाचं काय?

सुरतकडे बोट दाखवताना खानदेशाने आपला काठही बघावा. शहादा, तळोदा, नंदुरबार भागातली मंडळं विसर्जनाला प्रकाशाला तापीवर जातात. धुळ्यात पांझरा, जळगावात मेहरूणचा तलाव. प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज आहेत, म्हणजे तिथेही पाणी अडलेलंच. सुरतमधला नातेवाईक तापीत मूर्ती टाकू शकत नाही, आणि त्याच तापीचं तो जे पाणी पितो त्यात वरच्या काठावर मूर्ती पडतात. एकाच नदीला दोन कायदे चालणार नाहीत. सुरतची बंदी खरी उपयोगी ठरायची असेल तर ती मुलताईपर्यंत नाही तरी निदान प्रकाशापर्यंत पोचायला हवी.

करता येण्यासारखं

पहिली गोष्ट तारखेची. पुढच्या वर्षीचा नियम यंदाच्या विसर्जनानंतर, दिवाळीच्या आत जाहीर व्हावा. नंदुरबार आणि सुरत या दोन्ही ठिकाणच्या प्रशासनांनी तो एकत्र बसून ठरवावा. कारागिराला साचा बदलायला सात-आठ महिने मिळाले तर तो बदलेल. सुरतमध्ये बंगाली कारागीर हंगामात येऊन मातीच्या मोठ्या मूर्ती घडवतातच. मातीची मोठी मूर्ती होत नाही, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. आणि पेणच्या कारखान्यांत वापरली जाणारी शाडूची माती मुख्यतः गुजरातमधूनच जाते. कच्चा माल इकडचा आहे, कसब दोन्हीकडे आहे.

दुसरी गोष्ट मोठ्या मूर्तीची. ती दरवर्षी नवीन हवी, असं शास्त्रात कुठे नाही. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीची सध्याची मूर्ती 1968 पासूनची आहे. मोठी मूर्ती जपून ठेवायची आणि पूजेची हातभर मातीची मूर्ती विसर्जित करायची, ही पद्धत मंडळाच्या खिशालाही परवडते. पार्थिव गणेश या शब्दातच माती आहे.

तिसरी गोष्ट घरगुती पीओपी मूर्तींची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिलं की अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपी साधारण दोन दिवसांत विघटित होतं. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते. खाली चुनखडी उरते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. पुणे महापालिकेने ही पावडर नागरिकांना वाटलीही. मोठ्या मूर्तीला हे परवडणारं नाही, पण घरच्या दोन-तीन किलोच्या मूर्तीला पुरतं. अमोनियाचा वास येतो, तेवढं मोकळ्या जागेत करायचं. ज्या रस्त्यावर खताचा एवढा मोठा कारखाना उभा आहे, तिथल्या शहराने हा प्रयोग एखाद्या झोनमध्ये करून बघायला काय हरकत आहे?

चौथी गोष्ट तलावांची. मातीच्या आणि पीओपीच्या मूर्तींचे तलाव वेगळे ठेवले तर निम्मं काम सोपं होतं. मातीचा गाळ पुन्हा कारागिरांना देता येतो. आज दोन्ही एकत्र पडतात आणि माती वापरणाऱ्या घराचा प्रामाणिकपणा पीओपीच्या ढिगाखाली जातो.

खानदेशी मंडळांवर जास्त जबाबदारी

सुरतमधल्या मराठी माणसाचा शब्द आज वजनदार आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. लिंबायतमधून संगीता पाटील आमदार म्हणून निवडून गेल्या. उत्सव आपला, नदी आपली आणि निर्णयाच्या टेबलावर माणसंही आपली. तेव्हा परप्रांतात आपलं कोण ऐकतं, ही तक्रार इथे चालत नाही.

याच वस्त्यांत श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई मांडायची, रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. त्यात प्लास्टर नाही, क्रेन नाही, उंचीची स्पर्धा नाही, आणि श्रद्धा कुठे कमी पडलेली नाही. गणपतीची उंची हा विषय मंडळांनी आपापसांत वाढवलेला आहे. कमी करायचा तर तोही मंडळांनीच करायचा, कारण अधिसूचनेने उंची कमी झाली तरी हौस कमी होत नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत वर्गणी आणि डीजेच्या आधी तीन प्रश्न घ्यावेत : मूर्ती कशाची, किती किलोची आणि विसर्जनानंतर ती कुठे जाणार. बुकिंगच्या पावतीवर ही तीन उत्तरं लिहिलेली असली, तर इच्छापोरवरून जाणाऱ्या ट्रकांची संख्या त्याच वर्षी कमी होऊ लागेल.